कुमानोच्या वाटेनं : जपानची देवळं, डोंगर आणि झरे पायी पाहण्यासाठी नऊ दिवसांचा बेत

नाचीच्या धबधब्यासमोर दगडी तोरी उभी आहे. तोरी म्हणजे जपानी देवस्थानाच्या दारातली दोन खांबांची कमान. एरवी कमानीतून आत गेलं की पुढे सभामंडप आणि गाभारा लागतो. इथे कमानीपलीकडे एवढंच आहे : १३३ मीटर उंचीवरून कड्यावर कोसळणारं पाणी आणि त्याच्या माथ्यावर ताणलेला एक दोर. मूर्ती नाही, गाभाराही नाही. पाणी हाच देव. लोक येतात, वाकतात, टाळ्या वाजवतात, पुन्हा वाकतात आणि निघतात.

हे एकदा कळलं की जपानचा प्रवास आखायची रीतच बदलते. 'सकाळी दोन देवळं, दुपारी एक बाग, उद्या डोंगर' अशी यादी निरर्थक वाटायला लागते, कारण डोंगर, झाड, पाणी आणि देव ही तिथे वेगळी खाती नाहीत. मी आणि माझी नणंद अशी आम्ही दोघी क्योतो वगळून थेट की द्वीपकल्पात गेलो, ते याच कारणासाठी. ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात उतरलेला हा डोंगराळ भाग. इथली तीर्थक्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. यात्रेची पायवाट म्हणून वारसा ठरलेली दुसरी प्रसिद्ध वाट स्पेनमधली सान्तियागोची.

खालचा बेत नऊ दिवसांचा आहे : नारा ही जुनी राजधानी, कोयासान हे डोंगरावरचं देवळांचं गाव, मग कुमानो, म्हणजे होंगू, शिंगू आणि नाची या तीन देवस्थानांची भूमी. क्योतो वाईट आहे असं अजिबात नाही. पण पहिल्याच प्रवासात तिथल्या गर्दीत सापडलं की देवळं 'उरकली' जातात. क्योतोसाठी नंतर वेगळी सुट्टी काढा.

आधी महिना ठरवा

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधले महिने टाळण्यामागे ठोस कारणं आहेत. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. की द्वीपकल्प हा जपानमधल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक. सप्टेंबर २०११ च्या वादळात इथे दरडी कोसळल्या आणि कुमानोच्या वाटेचा एक तुकडा तेव्हापासून वळसा घालून चालावा लागतो. हिवाळ्यात कुमानोत चालता येतं, पण सुमारे ८०० मीटर उंचीवरचं कोयासान बर्फात असतं. ज्यांना बर्फातली देवळं बघायची आहेत त्यांनी जरूर जावं, फक्त खोल्यांच्या भिंती कागदी आणि रात्री कडाक्याच्या असतात हे लक्षात ठेवावं.

एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा हा जपानी लोकांच्या सलग सुट्ट्यांचा काळ. त्या दिवसांत जागा मिळत नाही आणि मिळाली तर महाग मिळते. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो. कोयासानला मेपलची पानं लाल व्हायला तेव्हाच सुरुवात होते.

बुकिंग : आधी रात्री, मग विमान

उलटा सल्ला वाटेल, पण कुमानोच्या वाटेवरच्या खेड्यांत मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत. चिकात्सुयु किंवा ताकाहारा इथे एखाद्या तारखेला जागा नसली तर तुमचा सगळा बेत एक दिवस सरकतो. म्हणून आधी तिथल्या रात्री पाहा, त्यावरून तारखा ठरवा आणि मगच विमानाचं तिकीट काढा. तानाबे शहराच्या कुमानो पर्यटन मंडळाची 'कुमानो ट्रॅव्हल' ही बुकिंगची व्यवस्था आहे. घरगुती मुक्काम, दुपारचा डबा, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर बॅग पोचवणं, सगळं तिथून ठरवता येतं. बॅगेची सोय नक्की घ्या. पाठीवर फक्त दिवसाचं सामान असलं की चालणं सुखाचं होतं. कोयासानमधल्या देवळांतल्या मुक्कामासाठी तिथली शुकुबो असोसिएशन आहे.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजी माहिती वाचूनच कागद जमवा. मुंबईहून ओसाकाला जाताना सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलावं लागतं. उतरायचं ते कान्साई विमानतळावर, तोक्योला नाही. तोक्योला उतरून इकडे यायचं म्हणजे एक दिवस आणि बुलेट ट्रेनचं महागडं तिकीट. देशभराचा जेआर (जपान रेल्वे) पासही या प्रवासाला परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन झाला, आणि इथल्या निम्म्या प्रवासात खासगी रेल्वे आणि बसच आहेत. विमानतळावर 'इकोका' हे पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या, शहरातल्या प्रवासाला ते पुरतं.

रोख पैसे मात्र हवेतच. खेड्यातली बस, देवळातला शिक्का, घरगुती मुक्काम, कित्येक ठिकाणी कार्ड चालत नाही. १०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये असा हिशेब आम्ही डोक्यात ठेवला होता. देवळातला मुक्काम दोन जेवणांसह माणशी १२ ते २० हजार येनांच्या घरात जातो, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. खर्चाचा मोठा वाटा हाच. तो वाचवू नका, एक दिवस कमी करा हवं तर.

पहिले दोन दिवस : नारा, म्हणजे रीतिरिवाजांची शाळा

कान्साई विमानतळावरून नाराला थेट बस आहे, दीड तासाच्या आसपास लागतो. मुक्काम किन्तेत्सु-नारा स्टेशनजवळ घ्या, तिथून सगळं पायी होतं.

नारापासून सुरुवात करायचं कारण असं की तिथे एकाच हिरवळीवर दोन्ही प्रकारची देवस्थानं शेजारी आहेत. आपण मराठीत दोन्हींना देऊळच म्हणू, पण जपानीत फरक आहे. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळच्या धर्मातल्या, देवांचं स्थान ते 'जिंजा' (मोठं असेल तर 'जिंगू' किंवा 'ताइशा'), आणि बुद्धाचं ते 'तेरा'. ज्याच्या नावाच्या शेवटी '-जी', '-इन' किंवा '-देरा' येतं ते बौद्ध. दारात तोरी असेल तर जिंजा, छपराचा भव्य दरवाजा असेल तर बहुतेक वेळा बौद्ध मंदिर.

जिंजामध्ये असं वागायचं. तोरीपाशी थांबून किंचित वाकायचं. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, ती जागा देवाची, आपण कडेनं. पाण्याच्या कुंडाशी उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुवायचा, मग डाव्या हातात पळी घेऊन उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला तोंड लावायचं नाही, चूळ कुंडात टाकायची नाही), डावा हात पुन्हा धुवायचा आणि उरलेलं पाणी पळीच्या दांड्यावरून ओघळू द्यायचं. एका पळीत हे सगळं बसतं. आचमन करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. मग दानपेटीत नाणं टाकायचं, दोनदा कमरेतून वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हात जोडून मनातलं बोलायचं आणि एकदा वाकायचं. नाणं पाच येनचं टाकतात, कारण 'गोएन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध.

बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. शांतपणे हात जोडायचे, बस. चुकून टाळी वाजवली तर कुणी रागावत नाही, पण शेजारी ध्यानाला बसलेला माणूस दचकतो.

कासुगा ताइशाला सकाळी लवकर जा. दुतर्फा दगडी दिवे आहेत, शेवाळलेले, आणि सगळे धातूचे व दगडी मिळून सुमारे तीन हजार. मागचा कासुगायामाचा डोंगर देवाचा म्हणून तिथली शिकार आणि वृक्षतोड इसवी सन ८४१ पासून बंद आहे. आपल्या देवराईसारखंच, फक्त इथे ती अख्ख्या डोंगराची. हरणं ही या देवाची दूतं, त्यामुळे गावभर मोकळी फिरतात. त्यांच्यासाठीची बिस्किटं विकत मिळतात. ती हातात असताना कागदाचा नकाशा खिशाबाहेर ठेवू नका, तोही खातात.

तोदाइजीमधला ब्राँझचा महाबुद्ध साधारण १५ मीटर उंच. याचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली झाला, आणि मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखणारा हात होता बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूचा. तो ७३६ साली जपानला पोचला होता आणि परत आलाच नाही. त्या मूर्तीसमोर उभं राहताना हे माहीत असलं पाहिजे असं मला फार वाटतं.

पहिल्याच देवळात 'गोशुइनचो' विकत घ्या. घडीच्या पानांची ही वही. दर्शन झाल्यावर ती उघडून दिली की पुजारी किंवा भिक्षू शाईनं देवस्थानाचं नाव लिहून लाल शिक्का उठवून देतात. साधारण ५०० येन पडतात. आधी दर्शन, मग शिक्का, आणि साध्या वहीवर मागायचा नाही. तो दर्शनाचा दाखला आहे, आठवणवही नाही.

तिसरा आणि चौथा दिवस : कोयासान

नाराहून ओसाका-नांबा, तिथून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी. या स्टेशनाच्या नावाचाच अर्थ सुखावतीचा पूल. तिथून पाच मिनिटांची उभी केबल कार आणि वर बस. केबल कारच्या स्टेशनापासून गावापर्यंतच्या त्या रस्त्यावर चालायला बंदी आहे, बसच घ्यायची. दुपारी दोनपर्यंत पोचायचा बेत ठेवा, कारण देवळात रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला असतं आणि त्याआधी हजर असावं लागतं.

८१६ साली सम्राट सागानं हा डोंगर कूकाई या भिक्षूला दिला. चीनमध्ये जाऊन तंत्रमार्गी बौद्ध दीक्षा घेऊन आलेला हा विलक्षण माणूस. आज ११७ मंदिरं गावात आहेत, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी यात्रेकरूंना उतरता येतं. तातामी चटईची खोली, जमिनीवर गादी, सामाईक स्नानगृह.

शाकाहारी मराठी माणसाला सांगायची मोठी बातमी इथे आहे. देवळातलं 'शोजिन र्‍योरी' जेवण मांस-मासे-अंडी वर्ज्य करतंच, शिवाय कांदा-लसूणही नाही. तिळाचा 'गोमा-दोफू', गोठवून वाळवलेला आणि मग रश्शात मुरवलेला टोफू म्हणजे 'कोया-दोफू', रानभाज्यांचं तेम्पुरा (भज्यांसारखं तळण), लोणचं, भात. मिठा-मसाल्याची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासाला सपक लागतं. सावकाश खा. तिसऱ्या वाटीला कंदाची आणि तिळाची चव कळायला लागते.

रात्री जेवून ओकुनोइनला जा. इचि-नो-हाशी या पहिल्या पुलापासून दोन किलोमीटर, शेकडो वर्षांच्या सुरूसारख्या उंच सुगी वृक्षांखालून वाट जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. एकमेकांशी आयुष्यभर लढलेले सरदार इथे हाकेच्या अंतरावर आहेत. वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांनी मेलेल्या वाळवीसाठी उभारलेलं स्मारकही इथेच आहे, आणि त्यात गंमत काही नाही, ती प्रामाणिक क्षमायाचना आहे.

समाध्यांवरचे पाच दगड नीट पाहा. खाली चौकोन, वर गोल, मग त्रिकोण, अर्धचंद्र आणि टोकाला मण्यासारखा आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं : अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या देवनागरीची जुनी चुलत बहीण. माझ्या नणंदेनं टॉर्चच्या उजेडात 'र' ओळखला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ तिथेच उभ्या राहिलो.

शेवटच्या गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची, खाणं-पिणं बंद. पलीकडे दिव्यांचा मंडप आणि त्यामागे कूकाईची जागा. तो ८३५ साली 'गेला' असं कोयासानात म्हणत नाहीत. तो समाधीत बसला आहे, असं म्हणतात. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू पेटीतून त्याचं जेवण नेतात. आळंदीच्या संजीवन समाधीपुढे डोकं टेकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पहाटेचा तो नैवेद्य पाहायचा असेल तर मुक्काम ओकुनोइनच्या टोकाला घ्या. नाहीतर साडेदहाचा गाठा.

सकाळची प्रार्थना चुकवू नका, साधारण सहाला असते. काही देवळांत त्यानंतर 'गोमा' होतो. तो म्हणजे होम. समिधा, तूप नाही पण तेल, आणि मंत्र. 'ओन आबोक्या बेइरोशानो' असं ऐकू येईल, नीट कान द्या, ते 'ॐ अमोघ वैरोचन' आहे. उरलेल्या वेळात दानजो गारान या मंदिरसमूहातला सिंदुरी महास्तूप आणि कोंगोबुजी पाहा. कोंगोबुजी म्हणजे वज्रशिखर मंदिर. स्तूपाशेजारच्या पाइन वृक्षाखाली लोक वाकून काहीतरी शोधताना दिसतील. या झाडाला तीन काड्यांची पानं सापडतात, आणि ती मिळणं शुभ.

चौथ्या दिवशी दुपारी निघा. हाशिमोतो, वाकायामा करत की-तानाबे. अर्धा दिवस जातो. कोयासानहून डोंगरातून थेट कुमानोला जाणारी बस वर्षातले ठरावीक महिनेच असते. पायी जाणारी कोहेचि वाट सुमारे ७० किलोमीटरची, हजार मीटरवरच्या तीन खिंडींची. अनुभवी ट्रेकर नसाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पाचवा, सहावा दिवस : नाकाहेचि, म्हणजे डोंगरातून होंगूला जाणारी यात्रेची वाट

की-तानाबे स्टेशनच्या शेजारीच पर्यटन माहिती केंद्र आहे. तिथून नकाशा, बसचं वेळापत्रक आणि शिक्क्यांची पुस्तिका घ्या. बस मोजक्या असतात. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि परतीची वेळ त्यावर खूण करून ठेवा. बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली दिसेल तेवढे पैसे चिठ्ठीसह पेटीत टाकायचे.

४० मिनिटांत ताकिजिरी येतं. कुमानोच्या पवित्र भूमीचा हा उंबरठा. 'ओजी' म्हणजे मुख्य देवाची बालरूपं, आणि त्यांच्या वाटेवरच्या ठाण्यांनाही ओजीच म्हणतात. ताकिजिरी त्यातलंच एक. एके काळी ९९ होती असं म्हणतात. बाराव्या-तेराव्या शतकात निवृत्त सम्राटही या वाटेनं चालले, त्यातले गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा. पण कुमानोची खरी ओळख वेगळी : इथे बाई, आजारी, गरीब, कुणालाच मज्जाव नव्हता. त्याच काळात कोयासान बायकांना बंद होतं, ती बंदी सरकारनं १८७२ साली उठवली. कुमानोला मात्र इतके लोक चालत की 'मुंग्यांची कुमानो यात्रा' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. दिवेघाट चढणारी दिंडी आठवा.

वाटेवर दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे, ताकिजिरीपासून होंगूपर्यंत ७५. तो खांब अर्धा तास दिसला नाही तर मागे फिरा. ओजीपाशी लाकडी पेटीत शिक्का असतो, पुस्तिकेवर उठवायचा. मुलं बरोबर असतील तर या शिक्क्यांच्या नादात ती कुरकुर न करता चालतात.

ताकिजिरीतून पहिलीच चढण खडी, झाडांच्या मुळांवरून. सिंहगडाची पायवाट न कुरकुरता चढणाऱ्याला जमेल. थोड्या वेळात एक प्रचंड शिळा लागते, तिच्याखालच्या फटीतून सरपटत बाहेर यायचं. तिला 'गर्भातून जाणं' म्हणतात. पाठपिशवी काढूनच शिरा. चार किलोमीटरवर ताकाहारा, धुक्याचं गाव. तिथलं छोटं देऊळ आणि त्याभोवतीचे जुने कापराचे वृक्ष पाहून पुढे चिकात्सुयु. दिवसाचे १३ किलोमीटर, थांबत-थांबत सहा-सात तास. ऑक्टोबरअखेर पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि जंगलात त्याआधीच अंधारतं, तेव्हा सकाळी आठच्या आत वाटेला लागा.

एक गोष्ट आधीच सांगते. या वाटेवरचं बरंचसं जंगल माणसानं लाकडासाठी लावलेलं आहे, सरळ रांगेत सुगी आणि हिनोकी. सह्याद्रीच्या रानाची सवय असलेल्याला तासाभरानं ते एकसुरी वाटतं. मग लक्ष पायाखाली न्या. शेकडो वर्षं झिजलेले दगड, शेवाळ, मुळांची जाळी. आणि त्या दगडांवर जपून, ओले असले की ते साबणासारखे होतात. तळव्याला पकड असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट, पावसाचं जाकीट (छत्री नको), काठी. शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाश्यांचा त्रास असतो, त्यांना गडद रंग खुपतो, म्हणून फिकट कपडे घाला. वाटेत कचऱ्याचे डबे नाहीत, एक रिकामी पिशवी ठेवा. मदतीला रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

सहाव्या दिवशी दोन पर्याय. चिकात्सुयु ते होंगू पूर्ण २५ किलोमीटर, नऊ-दहा तास, किंवा बसनं होश्शिनमोन-ओजीपर्यंत जाऊन शेवटचे सात किलोमीटर. आम्ही दुसरा घेतला आणि मला त्याची खंत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर संपूर्ण कुमानोतला हा एकच तुकडा चाला. बहुतेक उतार, चहाचे मळे, घरापुढे लिंबू-लोणची ठेवलेल्या फळ्या, शेजारी पैसे टाकायचा डबा.

वाटेत फुशिओगामी लागतं. 'लोळण घेऊन नमस्कार' असाच त्याचा अर्थ, कारण इथून होंगूचं पहिलं दर्शन होतं. वेळापूरला कळस दिसल्याच्या श्रद्धेनं वारकरी धावत सुटतात, तसे इथे यात्रेकरू जमिनीवर पडत. याच जागेची एक कथा आहे. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इझुमि शिकिबु इथवर आली आणि तिची पाळी आली. आता देवळात जाता येणार नाही म्हणून तिनं दुःखाची कविता केली. रात्री स्वप्नात कुमानोचा देव आला आणि म्हणाला, तू ये. मी ही कथा तिथल्या फलकाशेजारच्या बाकावर बसून नणंदेला सांगितली. पुढचा अर्धा तास आम्ही काही बोललो नाही.

सातवा दिवस : होंगू आणि युनोमिने

हा विसाव्याचा दिवस ठेवा. होंगू ताइशाला १५८ पायऱ्या. तीन पायांचा कावळा 'यातागारासु' हा इथला दूत. जपानच्या फुटबॉल संघाच्या चिन्हावरही तोच आहे. 'गोओ' नावाचा कागदी ताईत इथे मिळतो, कावळ्यांच्या आकृत्यांनी अक्षरं बनवलेला. पूर्वी या कागदावर शपथा लिहीत, आणि शपथ मोडली तर कुमानोचा एक कावळा मरतो असं मानत.

पण मूळ देऊळ इथे नव्हतं. ते खाली नदीच्या वाळवंटात, ओयुनोहारा इथे होतं. १८८९ च्या महापुरानं बहुतेक वाहून नेलं आणि उरलेलं १८९१ साली वर आणून उभारलं. जुन्या जागेवर जायलाच हवं. भातखाचरांतून चालत गेल्यावर २००० साली उभारलेली जवळजवळ ३४ मीटर उंच तोरी येते, आणि तिच्यामागे झाडांच्या कुशीत फक्त मोकळी जमीन. संध्याकाळी उन्हं उतरताना जा. आम्हाला तिथे दोन म्हाताऱ्या बाया आणि एक कुत्रा एवढेच भेटले.

मुक्काम युनोमिनेला. गावातून वाफाळता ओढा वाहतो. त्सुबोयु ही ओढ्यातली लाकडी खोपटीतली न्हाणी, एका वेळी दोघं-तिघं, अर्धा तास. सार्वजनिक गरम झऱ्यात सगळ्यांसमोर विवस्त्र उतरायची आपल्याला सवय नसते. इथे आतून कडी लावता येते, म्हणून संकोच असेल तर सुरुवात इथूनच करा. नंबराचं तिकीट घेऊन रांगेत थांबायचं. पाण्यात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. जवळच नव्वदेक अंश तापमानाचं कुंड आहे, त्यात लोक जाळीत घालून अंडी आणि रताळी उकडतात. रताळी दुकानात मिळतात. उपवासाची आठवण होईल.

खाण्याबद्दल इथेच सांगते, कारण कोयासान सोडल्यावर शाकाहाऱ्यांची परीक्षा सुरू होते. जपानी रश्शाचा पाया 'दाशि', आणि तो बहुतेकदा बोनितो माशाचा. म्हणजे दिसायला नुसती भाजी असली तरी मासा असतो. बुकिंग करतानाच लिहा : 'मांस, मासे आणि माशाचा दाशि चालत नाही.' तोंडी सांगायचं तर 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशि मो दामे देसु.' आयत्या वेळी सांगितलं तर यजमान बिचारे हवालदिल होतात, त्यांच्याकडे दुसरं काही शिजवायला नसतं. प्रवासात दुकानातली उमेबोशीची, म्हणजे आंबट आलुबुखाराची, भाताची मूद बऱ्याचदा चालते, तरी वेष्टनावरचे घटक फोनवर भाषांतर करून वाचा. घरून चिवडा, मेतकूट, चटणी न्या. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र विमानतळावर अडवतात.

आठवा, नववा दिवस : शिंगू आणि नाची

सकाळच्या बसनं शिंगू, तासाभराहून थोडं अधिक. हायातामा ताइशा पाहा, पण पाय चांगले असतील तर कामिकुरा चुकवू नका. ५३८ ओबडधोबड उभ्या पायऱ्या चढून गेलं की कड्याच्या टोकाला एक अजस्र धोंडा. तोच देव. शेंदूर नाही, डोळे नाहीत, पण आपल्याकडच्या तांदळ्यासारखाच स्वयंभू. उतरताना पायऱ्यांना पाठ दाखवू नका, आडवे पाय टाकत उतरा. पाऊस असेल तर चढूच नका.

दुपारी नाची. की-कात्सुउरा किंवा नाची स्टेशनवरून बस घेऊन दाइमोनझाकाला उतरा, थेट वर जाऊ नका. २६७ दगडी पायऱ्यांची ही वाट सुमारे ८०० वर्षांच्या सुगी वृक्षांखालून जाते, आणि इथलं रान लावलेलं वाटत नाही. वर नाची ताइशा आणि सेइगान्तोजी हे बौद्ध मंदिर भिंतीला भिंत लावून आहेत. १८६८ नंतर सरकारनं देव आणि बुद्ध वेगळे करायला लावले, त्याआधी हे एकच क्षेत्र होतं. नाचीचा देव म्हणजेच सहस्रभुज अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, असं मानत. सेइगान्तोजीची आख्यायिका अशी की भारतातून समुद्रात वाहत आलेला राग्यो नावाचा साधू इथे किनाऱ्याला लागला, धबधब्याखाली तप करताना त्याला मूर्ती मिळाली आणि त्यानं ती इथे स्थापली.

उलटा प्रवासही इथूनच व्हायचा. नाची स्टेशनजवळ फुदाराकुसानजी आहे. फुदाराकु म्हणजे पोतलक, अवलोकितेश्वराचं दक्षिण समुद्रापलीकडचं घर. त्याच्या ओढीनं भिक्षू बंदिस्त होडीत बसून इथून समुद्रात निघत, परत न येण्यासाठी. तशा होडीची प्रतिकृती मंदिरात आहे. फारसं कुणी थांबत नाही, तुम्ही थांबा.

धबधब्याचं दर्शन दोनदा घ्या : एकदा तांबड्या तीन मजली पॅगोड्यामागून, फोटोसाठी, आणि मग पायऱ्या उतरून थेट तळाशी, तोरीसमोर. दुसऱ्या वेळी फोन बॅगेत ठेवा. तुषार अंगावर येतात, बोललेलं ऐकू येत नाही.

रात्री की-कात्सुउरा. नवव्या दिवशी तिथून 'कुरोशिओ' गाडी थेट ओसाकाला जाते, सुमारे चार तास. आसन आदल्या दिवशीच राखून घ्या आणि डाव्या बाजूची खिडकी मागा. समुद्र त्या बाजूला आहे.